पेपरमागचा दादा

नागपूरला थंडी पडते असं बाहेरच्या कोणाला सांगितलं की तो समजूतदारपणे मान हलवतो आणि विषय आमच्या उन्हाळ्याकडे नेतो. आमच्या शहराची पत्रिका लोकांनी दोन घरांत मांडून ठेवली आहे, ऊन आणि संत्री. ही संत्री थंडीत येतात, एवढं तरी खाताना लक्षात यावं की नाही? पण नाही. तर यंदाही ती आली आहे. मनीषनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानांसकट संत्र्यांचा ठेला लागलाय. वर्गात पहिल्या तासाला मुली स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून बसतात, आणि मी फळ्यावर मोसमी वारे काढत असताना खिडकीतून उन्हाचा एक लांब पट्टा येऊन त्यांच्या वह्यांवर पडतो.

हे ऊन पाहिलं की पूर्वी माझे हात शिवशिवायचे. हिवाळ्यातल्या सकाळचा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडत नाही, डोळे बारीक करायला लावत नाही. फोटो काढणाऱ्याला वर्षभरात याहून चांगलं काही मिळत नाही. आता हेच ऊन गच्चीवर उतरलं की मी खाली निघून जाते.

कॅमेरा मी चाळिशी उलटल्यावर घेतला. भूगोलाच्या बाईने सुट्टीत स्वेटर विणावेत, नाहीतर शिकवण्या घ्याव्यात. मी कॅमेरा घेतला. आमचं घर दोन मजली. खाली दादा आणि वहिनी, वर मी एकटी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वीजखात्यात लाइनमन होता, मी कॅमेरा घेतला त्याच्या थोडं आधी निवृत्त झाला. वडील कामठीला मागावर बसायचे, त्यांच्यामागे माझं शिक्षण दादानेच केलं. मी लग्न केलं नाही, त्याबद्दल साऱ्या नातेवाइकांनी मला विचारलं. दादाने कधी विचारलं नाही. कॅमेऱ्याचा खोका उघडला त्या दिवशीही त्याने एवढंच विचारलं, “याले चार्जिंग लागते का वं?”

आता लेन्सचं. ज्याला हा नाद नाही त्याला वाटतं कॅमेरा घेतला की झालं. कॅमेरा ही नुसती सुरुवात असते. सोबत मिळालेली लेन्स आठवड्याभरात कमी पडायला लागते. पक्षी काढायचे तर लांबचं ओढून आणणारी झूम हवी. माणसं काढायची तर पन्नासची लेन्स हवी, जिला झूम नसतं, पुढे-मागे व्हायचं ते आपल्या पायांनी. मग काचेला ओरखडा पडू नये म्हणून फिल्टर, उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून पुढे लावायचं हूड, हात हलू नये म्हणून तिपाई. ते हूड मी कितीतरी दिवस उलटंच लावून हिंडत होते. रविवारी सकाळी आमचा हौशी लोकांचा ग्रुप अंबाझरी तलावावर जमायचा, तिथे एका भल्या गृहस्थांनी काही न बोलता ते माझ्या लेन्सवरून काढलं आणि सरळ करून बसवलं. दादा शेजारीच उभा होता. घरी येईपर्यंत तो स्कूटरवर हसत होता. “मले वाटे डबीचं झाकण असन,” म्हणाला.

हो, दादा बरोबर असायचा. बाईमाणसाने अंधार असताना तलावावर एकटीने जाऊ नये, हे तो मला तोंडाने कधीच म्हणाला नसता. त्याऐवजी तो कानटोपी घालून, स्कूटर काढून फाटकाशी उभा राहायचा. मी मागे बसायची, तिपाई मांडीवर आडवी. तलावावर पोचलं की मी आणि ग्रुपमधले पाणकावळ्यांच्या मागे, आणि दादा काठावरच्या दगडावर बसून हात चोळत राहायचा. परतताना तर्री पोहे. ‘आज कोणता पक्षी भेटला?’ हे तो दरवेळी विचारायचा, आणि मी सांगितलेलं नाव पुढच्या रविवारपर्यंत हमखास विसरायचा.

वहिनीने या नादाला वेगळ्या वाटेने हातभार लावला. पावसाळ्यात लेन्सच्या काचेला बुरशी धरते, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवावी लागते आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्या लागतात. त्या पुड्या वहिनी नवीन चपलांच्या खोक्यांतून, पर्सांमधून जमवायची. डबाही तिचाच, दिवाळीच्या चकल्यांचा. “चकल्या खाऊन संपतात तरी,” ती म्हणायची. “तुमच्या ह्या काचा काही सरत नाहीत ताई.”

सरत नव्हत्याच. पन्नासची लेन्स आली तो हिवाळा मला अजून बोटांच्या टोकांवर जाणवतो. तिची जादू अशी की जवळचं लख्ख येतं आणि मागचं सगळं विरघळून जातं. भिंत, तारा, वाळत घातलेले कपडे, उभी असलेली माणसं, सगळं दह्यासारखं एकजीव. त्या दिवसांत मला जगातली प्रत्येक वस्तू पुढे घेऊन मागचं विरघळवायचं वेड लागलं होतं. संत्र्याचं पान पुढे, बाकी जग मागे. चहाचा कप पुढे, वहिनी मागे. ग्रुपवर फोटो टाकला की लोक लिहायचे, ‘मागचं काय सुंदर गेलंय!’ आणि मी दिवसभर खूश असायची.

नवी लेन्स घेतली की ती तपासावी लागते. ग्रुपमधल्या जुन्या खोडांनी कृती सांगितली होती. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवायचं, समोर तिपाई लावायची, लेन्सचं तोंड कमी-जास्त उघडणाऱ्या वेगवेगळ्या आकड्यांवर फोटो काढायचे आणि मग मोठे करून पाहायचं, अक्षरं कोपऱ्यापर्यंत स्पष्ट येतात का. आमच्या गच्चीची भिंत खरबरीत, तिच्यावर चिकटपट्टी धरेना. पान सुटून वाऱ्यावर फडफडायला लागलं. दादा तिथेच ऊन खात बसला होता. म्हणाला, “आण इकडे, मी धरतो.”

त्याने पेपर दोन्ही हातांनी ताणून तोंडासमोर धरला. मी तिपाईमागे.

“काहून वं नंदा, अजून किती वेळ?”

“दादा, हलू नको न. अक्षरं हलतात.”

“हलून नाही राहिलो. वाचून राहिलो.”

खरंच तो मागची बाजू वाचत असायचा. माझ्याकडे पहिलं पान, त्याच्याकडे आतलं. मी आकडे बदलत असायची आणि पेपरच्या पलीकडून त्याचा आवाज यायचा, कामठीच्या बसचं टाइमटेबल बदललं म्हणते, गव्हाच्या पेरणीचं असं असं म्हणते. मग विचारायचा, पान पलटवू का? मी म्हणायची, तुझी बाजू राहू दे, माझी बाजू महत्त्वाची आहे. हे मी हसत म्हणायची. त्यालाही हसू यायचं. आता आठवलं की हसू बाजूला राहतं आणि तेवढं वाक्य राहतं.

एकदा सवय लागली ती लागलीच. पेपर झाला, मग उजेड पाहायला दादा. ‘दादा, जरा तिथं उभा राह्य न.’ तो उठायचा, मी सांगेन तिथे उभा राहायचा, मी त्याच्यावर फोकस करून आकडे जुळवायची आणि म्हणायची, हं, सरक आता. मग तिथे दुसरं काहीतरी यायचं, ज्याचा फोटो खरा काढायचा होता ते. कुंडीतलं फूल, शेजाऱ्यांची छोटी, वहिनीने वाळत घातलेली लाल मिरची. कितीदा सरक म्हणाले असेन त्याला, देव जाणे.

कार्ड भरलं की रविवारी संध्याकाळी दिवाणावर बसून नको ते फोटो पुसायचे. दादा शेजारी येऊन बसायचा. पडद्यावर तो आला की त्याला गंमत वाटायची. “हा मीच दिसून राहिलो. काढ याले. पक्षी ठेव.” मी काढायची. तो उभा आहे, डोळे अर्धे मिटलेले, पुसला. तो काहीतरी बोलतोय, तोंड उघडं, पुसला. तो आकाशाकडे बघतोय, गालावर ते मऊ ऊन पडलंय. तोही पुसला, कारण त्याच्यामागे पाण्याची टाकी आली होती. एका चांगल्या फोटोत टाकी कशी चालेल? मला तेव्हा तेवढंच दिसत होतं. या एका फोटोसाठी मी आज काय देईन, याचा विचार मी करत नाही. केला तर झोप लागत नाही.

तुम्ही म्हणाल, फोनमध्ये असतीलच की त्याचे फोटो, हल्ली कोणाचे नसतात? तेही सांगून टाकते. दादाचा फोन बटणांचा. वहिनीच्या फोनमध्ये सुविचार आणि गुलाबाची फुलं. आणि घरात एखादी फोटोवाली झाली की बाकीचे फोन बाहेर काढत नाहीत, निदान आमच्या घरात मी काढू दिले नाहीत. कोणी फोन उचलला की मी नाक मुरडायची. फोनने काय काढता, मी आहे न. मला फोनमधले चेहरे बघवायचे नाहीत, चपटे आणि पिवळे. असल्या बाबतीत मी फार मोठी तज्ज्ञ झाले होते.

त्याच हिवाळ्यात कामठीला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दादाची मुलगी पुण्याहून आली होती, तिने बाबांसाठी आकाशी रंगाचा शर्ट आणला होता. दादाने दाढी गुळगुळीत केली, केस पाणी लावून बसवले. मंडपाबाहेर मैदानात ऊन असं पडलं होतं की कोणालाही उभं करावं आणि काढावं. पोरीने फोन काढला, “बाबा, इकडे पहा.” मी लांबून ओरडले, “फोनने नको गं, मी काढते न त्याचा चांगला.” तिने फोन पर्समध्ये टाकला.

दादा माझ्याकडे आला. शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला, “हो वं, एखादा माझाही काढजो. चांगला.”

कॅमेऱ्यावर झूम चढवलेली होती. मंडपाच्या टोकावर बसलेला एक तांबट पक्षी मी टिपत होते. झूमने जवळच्या माणसाचा फोटो घ्यायचा तर बरंच मागे जावं लागतं, आणि मागे स्वयंपाकाची मोठी पातेली होती. पन्नासची पिशवीत होती. पण मैदानात पोरं खेळत होती, धूळ उडत होती, आणि धुळीत लेन्स बदलायची नसते. आत धूळ गेली की प्रत्येक फोटोवर ठिपके येतात. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. “दादा, आता नाही बदलता येत. घरी गेल्यावर काढते. तुझे तं मी रोजच काढते न.”

“बरं,” तो म्हणाला. “राहू दे मंग.” आणि कोणी पाणी मागत होतं त्याला पाणी द्यायला गेला.

घरी गेल्यावर त्याने शर्ट घडी करून ठेवून दिला आणि मी तांबट पक्ष्याचे फोटो मोठे करून पाहत बसले. पक्षी स्पष्ट आला नव्हता.

थंडी सरली. फाल्गुनात पळस फुलला, ग्रुपबरोबर मी तोही काढून आले. मग ऊन तापलं, घरोघरी कूलर बाहेर निघाले. दादा कूलरच्या ताट्या बदलायला मागच्या अंगणात बसला. वाळा सगळीकडे पसरला होता. वहिनीने चहा नेला तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, आणि तसाच होता.

माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याचा फोटो लागतो. लोक येतात, वंदना होते, फोटोपुढे फुलं ठेवतात. वहिनी माझ्याकडे आली. तिच्या आवाजात काळजी नव्हती, हेच मला सहन झालं नाही. सगळ्याच गोष्टी सुटून गेल्या होत्या, एवढी एक पक्की आहे असं तिला वाटत होतं. “ताई, यांचा एक चांगला फोटो काढून ठेवाल. तुमच्यापाशी तं ढीग असन.”

मी वर जाऊन बसले. सगळे फोटो उघडले. पाणकावळे, तलावावरचं धुकं, पळस, मिरची, शेजाऱ्यांची छोटी, तांबट. एका फोटोत चहाचा कप अगदी लख्ख होता, त्यावरची चिरसुद्धा दिसत होती, आणि मागे निळसर काहीतरी होतं, तो दादा होता. पोरीने फोनवरून रडत विचारलं, “आत्या, त्या लग्नातला?” मी तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, हे मात्र आठवतं.

शेवटी त्याच्या नोकरीतल्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करायला दिला. जरीपटक्यातला फोटोवाला अशी कामं झटपट करतो. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला तो न विचारता कोट आणि टाय घालतो, मागे निळा पडदा टाकतो, ही रीतच पडली आहे. दादाही कोट घालून आला. चेहरा दाणेदार झाला होता आणि त्या फोटोत तो घाबरल्यासारखा बघतो, खातेवाल्यांनी भिंतीला उभं करून काढला होता. वहिनी फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत होती. “कोट तं ह्यांनी कधी घातला नाही,” म्हणाली. मग पदराने काच पुसली आणि लावायला दिली.

पुढे पावसाळ्यात एकदा मी संगणक उघडून बसले होते. लेन्स तपासली तेव्हाचे काही फोटो पुसायचे राहून गेले होते, कुठल्यातरी कोपऱ्यात पडून होते. पेपर, पेपर, पेपर. अक्षरं कोपऱ्यापर्यंत स्पष्ट. लेन्स फार चांगली आहे यात शंका नाही. वहिनी चहा घेऊन वर आली आणि माझ्यामागे थांबली. मी बंद करणार तेवढ्यात तिने पडद्यावर बोट ठेवलं. पेपरच्या कडेवर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं आलेली होती. उजव्या हाताच्या एका बोटाचं नख लाइनवर काम करताना चेमटलेलं, ते पुन्हा कधी नीट वाढलं नाही.

“हे तेच न?” वहिनी म्हणाली.

“हो.”

“याच्या मागं ते आहेत?”

“हो. पेपर धरला होता त्याने.”

ती खुर्ची ओढून बसली. चहा निवत होता. मग तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, “तो फोटोवाला कोट घालू शकते, तं तुम्हाले हा पेपर नाही काढता येत का याच्यातून?”

मी नाही म्हटलं. पेपरच्या मागे काही टिपलं गेलेलं नसतं, लेन्सला जे दिसलं तेवढंच येतं, असं काहीबाही सांगत राहिले. ती ऐकत होती. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिने चहा उचलला, गरम करून आणते म्हणाली.

त्यानंतर लेन्स डब्यातच होत्या. ग्रुपचे निरोप येतात, मी उत्तर देत नाही. पण या हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या मानगुटीवर बसली. वहिनीचा फोटो नाही. तीही कपामागे आहे, मिरचीमागे आहे, लग्नात कोणाच्यातरी खांद्यामागे आहे. ही चूक मी दुसऱ्यांदा करायची नाही असं ठरवून गेल्या रविवारी मी पन्नासची लेन्स काढली, काच पुसली आणि गच्चीवर गेले. वहिनी उन्हात चटई टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मांडीवर सूप, चष्मा नाकावर घसरलेला, केसांची एक पांढरी बट सुटून गालावर आलेली. मला तशीच हवी होती ती. शेंगा सोलणारी, कोणाकडे न बघणारी.

“वहिनी, तुझा फोटो काढते. बस तू तशीच.”

तिने वर पाहिलं. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “थांबा,” म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून खाली गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने मोतिया रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती, केस विंचरले होते, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. भिंतीपाशी खुर्ची ठेवून ती ताठ बसली आणि हात मांडीवर जुळवले.

“अगं, असं नको. शेंगा सोलत होतीस तशीच बस न. हसलीस तरी चालेल.”

“नाही ताई. तसा बरा नाही दिसत,” ती म्हणाली. “हारात चेहरा सरळ पाहिजे.”

मी तिचा फोटो काढायला आले, याचं तिला दुसरं कुठलंही कारण सुचलं नव्हतं, आणि सुचावं असं मी इतक्या वर्षांत काही केलंही नव्हतं. ती सरळ लेन्सकडे बघत होती, न हलता. गच्चीवर ते मऊ ऊन होतं.

“काढा न,” वहिनी म्हणाली. “आणि हाच ठेवाल. पोरीले शोधत बसाले नको.”

मी बटण दाबलं. फोटो फार स्पष्ट आला.